पडद्याखालच्या ओळी

त्यांना आफ्रिकेतली एकही भाषा येत नव्हती, आणि आफ्रिकेतल्या निदान सहा भाषांत माणूस वाक्य कुठे संपवतो हे त्यांच्याइतकं कळणारा दुसरा कुणी मुंबईत नव्हता. हे मी कौतुकाने लिहितेय असं समजू नका. कौतुक ते असताना करायला हवं होतं. तेव्हा मी भलतंच केलं, ते पुढे येईलच.

अंधेरीला एका कॉलेजच्या सभागृहात दर हिवाळ्यात पाच दिवस आफ्रिकेतल्या, आणि आफ्रिकेतून निघून जगभर पांगलेल्या लोकांच्या सिनेमांचा महोत्सव व्हायचा. करणारी मंडळी हौशी. फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या एक प्राध्यापक बाई अध्यक्ष, दोन बँकवाले सदस्य, आणि आम्ही चारसहा जण पडेल ते काम करणारे. बाईंचा हट्ट एकच, सिनेमा मराठीतून कळला पाहिजे. चारकोपहून, गोवंडीहून येणारा माणूस इंग्रजी अक्षरांमागे का धावेल, म्हणायच्या. म्हणून सिनेमाची प्रत यायची ती कोरी, खाली एक अक्षर नसलेली. संवादांची इंग्रजी यादी वेगळी यायची. तिचं मराठी मी करायचे आणि ते एकेक ओळ करून पडद्याखाली बांधलेल्या पांढऱ्या कापडी पट्टीवर दिसायचं. आपोआप नाही हं. प्रत्येक प्रतीची चाल निराळी, वेळ आधी बांधून ठेवली की दहा मिनिटांत ओळी भरकटायच्या. म्हणून कोपऱ्यातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन एक माणूस बसायचा आणि पडद्यावरचा माणूस बोलला की बटण दाबायचा. एका सिनेमाला हजार-बाराशे वेळा. तो माणूस म्हणजे काका.

काकांनी साकीनाक्याच्या एका गाळ्यात तीस वर्षं पॉवर प्रेस चालवला होता. पत्रा सरकवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं, की वरून साचा धाडकन खाली. "पाय आधी पडला की बोट गेलं," असं म्हणून ते उजव्या हाताची तर्जनी दाखवायचे. तिचं वरचं पेर नव्हतं. गाळा बंद पडला तसे ते फुकट सिनेमा असेल तिथे जाऊन बसू लागले. पहिल्याच महोत्सवात ओळी दाबायला ठरवलेला तंत्रज्ञ आला नाही. बाई माइकवरून प्रेक्षकांची माफी मागत होत्या, तेवढ्यात खुर्च्या मांडायला आलेले हे गृहस्थ मागून म्हणाले, "मी दाबतंय. दाबूचाच आसा ना?" एरवी ते आपल्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे, पण मनातलं काही असलं की मालवणी बाहेर यायची. त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत सात ओळी चुकल्या. त्यानंतर एक नाही. पुढची बारा वर्षं ती खुर्ची त्यांची झाली.

काम करताना ते चपला काढून बसायचे. बोट बटणावर पडलं की उजवी टाच जमिनीवर पडायची, दर वेळी, बाराशेच्या बाराशे वेळा. आम्ही हसायचो. "पायाला सांगून बघितलं, ऐकत नाही," म्हणायचे.

प्रत त्यांच्या घरी आठवडाभर आधी जायची. पहिल्या पाच खेपांना ते सिनेमा बघायचे नाहीत. टीव्हीवर टॉवेल टाकायचे आणि नुसतं ऐकायचे. "डोळा लबाड असतो गो," ते मला सांगायचे. "तोंड उघडलं की त्याला वाटतं माणूस बोलला. तो बिचारा जांभई देत असतो." ऐकलेलं जसंच्या तसं मराठी अक्षरांत एका लांबड्या वहीत उतरवायचे. वोलोफ, अम्हारिक, स्वाहिली, सगळं आपल्या काना-मात्रा-वेलांटीत. कुठे श्वास घेतला तिथे फुली. चारकोपच्या त्या दोन खोल्यांत बंद पडद्याआडून तास न् तास अनोळखी बायका रडायच्या, पुरुष भांडायचे. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "शेजारीण इचारता, तुमच्याकडे कोण पावणे इले हत, सारखी भांडतत."

माझं मराठी ते या वहीवरून तपासायचे. मला पहिल्या वर्षी संताप आला होता. मी एम.ए. झालेली, आणि हा प्रेस चालवलेला माणूस माझ्या ओळीवर बोट ठेवून म्हणतो, "ही लांब आहे. ती बाई एवढं बोललीच नाही."

"काका, अर्थ तेवढा आहे."

"असेल. तिने तीन घास खाल्ले, तू पाच वाढलेस. प्रेक्षक वाचत बसणार आणि तिचं तोंड बघायचं राहणार."

मी पाचाचे तीन केले. ओळ सुधारली, हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली. आज चार लोक मला बरी अनुवादक म्हणतात, त्यात कॉलेजपेक्षा त्या टॉवेलवाल्या टीव्हीचा वाटा मोठा आहे.

त्यांचा कडक नियम एकच होता. ओळ उशिरा आली तर चालेल, आधी यायची नाही. "उशिरा आली तर लोक चुकचुकतील. आधी आली तर त्या माणसाचं गुपित आपण फोडलं. त्याला कळायच्या आधी आपल्याला कळलं. हे बरं नाही." एकदा कुठल्याशा विनोदाची ओळ अर्धा सेकंद आधी पडली आणि लोक नट बोलायच्या आधी हसले. काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

दहाव्या वर्षी मी नव्या ओळी द्यायला गेले तर टीव्हीवर टॉवेल नव्हता. काका पडद्यापासून हातभर अंतरावर बसून नटीच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. आवाज इतका की भिंत थरथरत होती.

"काका, टॉवेल?"

"धुवूक टाकलो."

टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघराकडे बघून हळू आवाजात, म्हणजे त्यांना हळू वाटणाऱ्या आवाजात, सांगितलं की डाव्या कानात आता काही उरलेलं नाही आणि उजव्यात थोडंच आहे. प्रेसने खाल्लं. कानातलं यंत्र आणून बघितलं होतं, पण त्यात पंखा मोठा होतो, खुर्ची मोठी होते, बोलणं तेवढंच राहतं.

"समितीत कुणाला बोलू नको," ते म्हणाले. "ती खुर्ची गेली तर मी काय करू गो? वर्षातले पाच दिवस आहेत म्हणून बाकीचे जातात."

मग आम्ही एक युक्ती काढली. मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचं आणि वाक्य सुरू झालं की त्यांच्या गुडघ्याला बोट लावायचं. गुडघ्याला बोट, त्यांचं बोट बटणाला, टाच जमिनीला. अंधारात कुणाला दिसायचं कारण नव्हतं. दोन महोत्सव असे पार पडले आणि एकही ओळ आधी पडली नाही. बाई भाषणात म्हणाल्या, "आमच्या काकांचे कान म्हणजे देणगी आहे." काकांनी माझ्याकडे बघितलं, मी हाताने खूण केली, तशी त्यांनी उठून नमस्कार केला.

त्या दोन वर्षांत कधीकधी माझ्या मनात यायचं, ऐकणारी मी आहे, ओळी माझ्या आहेत, मग मधे हा गुडघा कशाला? असं मनात यायचं, तेही लिहून टाकलेलं बरं.

बाराव्या वर्षी सेनेगलच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात वाढलेली दिग्दर्शिका तिचा सिनेमा घेऊन स्वतः आली. चाळिशीची, उंच, मोकळी बाई. काकांनी तिला आदल्या दिवशी दुपारी घरी जेवायला बोलावलं. जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. आफ्रिकेतल्या लोकांना भाड्याने खोली द्यायची नाही असा ठराव त्यांनीच मागे मांडला होता.

"हे कोण?"

"पाहुण्या. गावाकडच्या," काका म्हणाले.

"कुठलं गाव?"

"आमच्या बंदरावरून होडी सोडायची, जरा डाव्या अंगाला धरायची. मधे दुसरं गाव लागत नाही. बाजूला व्हा, बांगडे थंड होतायत."

जेवताना काकांनी वोलोफ सुरू केली. त्यांच्याकडे सिनेमातली वाक्यं होती, तेवढीच. पाणी हवं का, प्रवास कसा झाला, असलं एकही साधं वाक्य त्यांना येत नव्हतं. त्यांनी भाकरी वाढली आणि गंभीर चेहऱ्याने तिच्या भाषेत म्हणाले, "ही जमीन माझ्या बापाची आहे." कढी वाढताना म्हणाले, "तुझा भाऊ विहिरीपाशी वाट बघतोय." ती बाई हसता हसता पदर नसलेल्या खांद्याला डोळे पुसू लागली. मला इंग्रजीत म्हणाली, हे माझ्या आजीसारखं बोलतात, तिचंही सगळं असंच जीवनमरणाचं असायचं. मग ती काकांशी खूप वेळ बोलली, आपल्या भाषेतच, आणि काका तिच्या तोंडावरून नजर न हलवता मान डोलवत राहिले. निघताना ती म्हणाली, इतक्या लक्षपूर्वक माझं कुणी ऐकलेलं नाही. मी ते काकांना सांगितलं नाही.

तिचा सिनेमा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. गावात राहणारी आई आणि परदेशात साफसफाईची कामं करणारी मुलगी, दोघींचं फोनवरचं बोलणं. पण बोलताना त्या दिसतच नाहीत. दिसतो समुद्र, रिकामा जिना, दोरीवरचे कपडे, आणि वर नुसते आवाज. अख्ख्या सिनेमात हलणारे ओठ मोजकेच. हे मला माहीत होतं. मी तो सिनेमा चार वेळा बघितला होता.

दिग्दर्शिका मला म्हणाली, तू माझ्या शेजारी बस, लोक कुठे हसतात ते मला सांग. मी नवी साडी नेसले होते. इतक्या वर्षांत मी माझ्या ओळी प्रेक्षकांत बसून कधी बघितल्या नव्हत्या. मी काकांपाशी गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवत विचारलं, "काका, आज मी पुढे बसू? जमेल?"

त्यांनी क्षणभर माझ्या साडीकडे बघितलं. "मी आसंय मा," म्हणाले. "तू बस थंय."

घरी आलेल्या त्याच प्रतीला उजवा कान लावून त्यांनी वहीत प्रत्येक ओळीपुढे सेकंद लिहून आणले होते. हे मला नंतर कळलं. म्हणजे मी उठून जाईन हे त्यांनी धरलंच होतं. समोर घड्याळ ठेवून त्यांनी चाळीस मिनिटं एकही चूक केली नाही. मग पाच मिनिटं वीज गेली. सिनेमा परत सुरू झाला तो थोडा मागून, आणि ऐकू येणाऱ्या कुणालाही ते लगेच कळलं असतं. समुद्र तोच होता, आवाज मागचा होता. काकांनी थांबवलेलं घड्याळ होतं तिथून चालू केलं आणि त्याच्याबरोबर ते पुढे गेले.

पडद्यावर मुलगी दुकानात उभी होती. आईला पाठवायला कापड निवडत होती, दुकानदाराशी घासाघीस करत होती, खदखदून हसत होती. खाली पट्टीवर माझी ओळ आली: आई पहाटे गेली. घाई करून येऊ नकोस, दफन झालं.

सभागृहातून एक मोठा श्वास गेला. मुलगी हसतच होती. तिने पिवळं कापड गालाला लावून बघितलं. माझ्यामागे कुणीतरी पुटपुटलं, "अरे यार, वाट लागली." कुणी फिसकन हसलं. दिग्दर्शिकेला मराठी येत नव्हतं, पण खुर्च्यांमधली चुळबुळ तिला कळली. तिने माझा हात धरून विचारलं, काय लिहिलंय? मी टेबलाकडे बघितलं. काका मान ताठ ठेवून समाधानाने घड्याळाकडे बघत होते आणि त्यांची टाच ठरल्या वेळी जमिनीवर पडत होती.

लोकांचे गुडघे ओलांडत मी पोचेपर्यंत आणखी पाच ओळी गेल्या. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बटणावरचं बोट उचललं. उठले. खुर्ची मला दिली. त्या स्टुलावर ते बसलेसुद्धा नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. मी ओळी मागे नेल्या. थोड्या वेळाने सिनेमात खरोखर फोन वाजला, आणि ती ओळ मी दुसऱ्यांदा दाबली. सभागृहात कुणी रडलं नाही. लोकांचं दचकून झालेलं होतं, तेही चुकीच्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीने काकांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, बटण अडकलं. ते बाहेर आल्यावर समितीने मला आत बोलावलं. बाईंनी एवढंच विचारलं, "लॅपटॉपमध्ये काही दोष होता का गं?"

हो म्हटलं असतं तर काका त्या खुर्चीवर राहिले असते. एक नवा लॅपटॉप आला असता, पुढच्या वर्षी मी परत स्टुलावर बसले असते, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण रात्रभर माझ्या डोक्यात माझ्याच ओळी होत्या. तीन महिने घासून केलेल्या. मी म्हणाले, "लॅपटॉप ठीक होता." बहिरेपणाचा शब्दही मी काढला नाही. तेवढं वचन पाळलं, असं त्या वेळी मला वाटलं होतं, आणि त्या वाटण्याची आज किळस येते.

आपल्याकडे माणसाला काढून टाकायची एक सभ्य पद्धत आहे. त्याचा सत्कार करतात. समारोपाच्या दिवशी बाई माइकवर काकांच्या बारा वर्षांच्या सेवेबद्दल बोलू लागल्या. बाई सुंदर बोलल्या, आणि मनापासून बोलल्या. काका कोपऱ्यात टेबलाशी शेवटच्या सिनेमाची तयारी करत होते. त्यांना काहीच ऐकू गेलं नाही. सगळे त्यांच्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मंचाकडे बोट दाखवलं. ते अनवाणीच वर गेले. शाल बघितली, नारळ बघितला, आणि त्यांना कळलं. कारण आपल्याकडे कुणालाही कळेल. फोटो काढून झाल्यावर ते शाल तशीच अंगावर ठेवून सवयीने टेबलाकडे परत आले. त्या खुर्चीत मी बसले होते. "नीट दाब," ते म्हणाले, चपला घातल्या आणि गेले.

त्यानंतर त्यांनी मला फोन केला नाही. ऐकू येत नाही तो माणूस फोन कशाला करेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आठ महिने मी चारकोपला गेले नाही. पुढच्या महोत्सवाच्या ओळी करायला बसले आणि एकही ओळ धड होईना. प्रत्येक ओळ लांब वाटायची. मग एका रविवारी सकाळी उठून गेले.

काकूंना आनंद झाला. त्यांनी आधी मला भिंतीपाशी नेलं. सत्काराचा फोटो मोठा करून चौकटीत लावला होता. "गावाकडे एक पाठवलाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं त्या गाळ्यात घातली, कुणी सुपारी दिली नाही हातावर. तुम्ही लोकांनी त्यांचं नाव केलंत. वय झालं म्हणून त्यांनीच काम सोडलं, पण मानाने सोडलं." काका खुर्चीत बसून काकूंचे ओठ वाचत होते. किती वाळले होते.

मी त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसले. अर्धा तास आम्ही बोललो. यंदा कुठले सिनेमे आहेत, इथियोपियाचा एक आहे, त्यात एक म्हातारा आहे, बरा बोलतो. ते माझ्या तोंडाकडे बघून सगळं समजून घेत होते. मधे एकदा जुन्यासारखे हसलेही. काकू आत नळाखाली भांडी घासत होत्या.

मग मी म्हणाले, "काका, त्या दिवशी समितीत मला विचारलं तेव्हा मी..."

त्यांनी मान वळवली. खिडकीकडे. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, तिकडे बघत राहिले. मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी हे सांगायलाच आले होते, आणि ऐकू जावं म्हणून मी आवाज चढवला. लॅपटॉप ठीक होता हे मीच सांगितलं, मला तुमची खुर्ची हवी होती, म्हणून त्यांनी सत्कार करून तुम्हाला घालवलं, असं सगळं, रडत, मोठ्याने, त्यांच्या त्या निकामी कानाशी. त्यांनी चेहरा हलवला नाही. आतला नळ कधी बंद झाला ते माझ्या लक्षात आलं नाही.

मी थांबल्याचं त्यांना कसं कळलं कोण जाणे. ते वळले. "चहा घेऊन जा," म्हणाले. पण चहा बाहेर आला नाही.

मी उठले तेव्हा काकू दाराशी होत्या. ओले हात पदराला पुसत त्यांनी कडी काढली आणि मी बाहेर पडल्यावर, त्यांना ओठ दिसणार नाहीत अशी पाठ करून, हळू म्हणाल्या, "तेंका ठावक होता गो. माका ठावक नव्हता."